तेफळ चावायचं नसतं

मुलीच्या गेल्या वर्षीच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहिते आहे. चौथीनंतर मी लिहिलं ते म्हणजे बाजाराची यादी आणि मुलीच्या शाळेच्या कागदांवर सही. पण एक गोष्ट डोक्यात अडकून राहिली आहे. भाकरी थापताना, तांदूळ निवडताना तीच आठवते. लिहून काढली तर कदाचित मला कळेल.

पेडण्याहून पार्शाकडे जाताना रस्त्याला लागून एक हॉटेल आहे, तिथे मी आठ वर्षं रांधते. हॉटेल म्हणजे पत्र्याची लांब पडवी, सहा मेजं, आणि मागे स्वयंपाकघर. सकाळी पातळ भाजी आणि पोदेराकडचे भट्टीतले पाव. दुपारी जेवण. सोमवारी मासे नाहीत, बाकीचे दिवस आहेत, आणि बुधवारी माझी तेफळ घातलेली बांगड्याची कढी. मालकाला आम्ही सगळे पात्रांव म्हणतो. त्यांची बायको गल्ल्यावर बसते आणि वाढतेही, तिला मी वहिनी म्हणते.

मी बाहेर जात नाही. मागच्या दाराने येते, मागच्या दाराने घरी जाते. स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यामध्ये एक जनेल, म्हणजे खिडकी आहे, त्यातून ताटं जातात आणि उष्टी ताटं परत येतात. जनेलावर अर्धा पडदा आहे. त्या पडद्याखालून मला फक्त हात दिसतात. लोक मला विचारतात, एवढी माणसं रोज जेवून जातात, तुझी तर सगळ्यांशी ओळख असेल. माझी ओळख ताटांशी आहे. कुणाचं ताट कसं परत आलं त्यावरून मला कळायचं की कढी कशी झाली होती. चाटूनपुसून आलं तर बरी झाली. भात टाकला तर मीठ चुकलं. मला वाटायचं की हे मला चांगलं येतं. शाळेत मला वाचायला वेळ लागायचा, पण ताट मी एका नजरेत वाचायचे.

दर बुधवारी मयेहून एक म्हातारे गृहस्थ यायचे. पेडण्याला त्यांचं काहीतरी काम असायचं, आणि परत जाताना ते आमच्याकडे जेवायचे. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. डाव्या हाताला तांब्याची अंगठी, एवढीच मला माहीत होती. त्यांचं ताट परत यायचं तेव्हा ते धुतल्यासारखं असायचं, आणि ताटाच्या काठावर कढीतली तेफळं एका ओळीत मांडलेली असायची. एखाद्या मुलाने गोट्या मांडाव्यात तशी. मी समजायचे, कढी आवडते पण तेफळ त्यांना चालत नाही, म्हणून वेचून बाजूला काढतात. शहाणा माणूस आहे, असं मी मनात म्हणायचे.

तेफळाबद्दल लिहायला हवं. आमच्या सावंतवाडीकडे त्याला तिरफळ म्हणतात, लग्न होऊन इकडे आले तेव्हा तेफळ म्हणायला शिकले. काटेरी झाडाचं बारीक फळ. सुकलं की फुटतं, आतली काळी बी टाकायची आणि साल ठेवायची. कढी होत आली की थोडी ठेचून वर सोडायची आणि झाकण घालायचं. त्याचा वास बांगड्याला लागतो. पण ते चावायचं नसतं. चावलं तर जीभ बधिर होते, ओठ थरथरतात, आणि वर पाणी प्यायलं तर पाणीही भलतंच लागतं. हे इकडे सगळ्यांना ठाऊक असतं. कधी ठाऊक झालं ते कुणी सांगू शकणार नाही. मलाही कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्या रस्त्याने नवी माणसं येऊ लागली. दिवाळीनंतरचा एक बुधवार होता. ताटं जनेलातून जात होती. मी दुसऱ्या टोपातला भात काढत होते, तेवढ्यात बाहेरून एक पुरुष ओरडला.

“हे काय घातलंय यात? माझी जीभ गेली! पाणी प्यायलो तर पाणीपण आंबट लागतंय!”

एक बाई हसली. त्याच मेजावरची असावी. “अरे थांब ना, मला गंमत वाटतेय. ओठ बघ कसे नाचतायत माझे.”

“तुला सगळ्याची गंमतच वाटते. मला काही झालं तर?”

वहिनी धावत गेली. “दादा, काय होऊचा नाय. तेफळ हां तां. चावूचा नसता.”

“चावायचं नाही, तर घालता कशाला?”

वहिनीने त्याला आणखी भात वाढला. तो प्रश्न तेव्हापासून माझ्याकडेच राहिला आहे. माशाचा काटा कुणी चावत नाही. शेवग्याची साल कुणी गिळत नाही. पण ती तर माशाची आणि शेंगेचीच असते. तेफळ मी हाताने घालते. न खाण्यासाठी घालते. त्या दिवसापर्यंत मला यात काही विचित्र वाटलं नव्हतं.

मग जनेलाचा पडदा हलला. हिरव्या बांगड्यांचा एक हात आत आला आणि पडदा बाजूला करू लागला. “मावशी, कढी तुम्ही केलीत का?” ती मघाची हसणारी बाई होती. मी खाली बसले. आडाळीवर बसून खोबरं किसायला लागले, खोबरं किसलेलं होतं तरी. हात मागे गेला.

त्यांची दोन्ही ताटं परत आली. मी ती ओळखली, कारण त्या वेळी बाहेर दुसरं कुणी नव्हतं. वहिनी म्हणाली, हे त्याचं, हे तिचं. त्याचं ताट पुसून काढलेलं होतं. कढीची वाटी भाताने निपटलेली, बांगड्याचा काटा पांढरा. फक्त चावलेलं एक तेफळ काठावर थुंकलेलं. आणि बाईचं ताट अर्धं भरलेलं होतं. बांगडा एका बाजूने खाल्लेला, भात तसाच.

मी समजले, तो माणूस नुसता ओरडला, पण त्याला आवडलं. बाई हसली, पण तिला आवडलं नाही. ताटं तेच सांगत होती.

दोन दिवसांनी पात्रांव मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले. ते एरवी आत येत नाहीत. त्यांनी वहिनीला वाचायला लावलं. लोक आता जेवून गेल्यावर मोबाइलवर लिहितात आणि तारे देतात, हे मला ऐकून माहीत होतं. आमच्याबद्दल कुणी लिहिलंय, हे पहिल्यांदाच ऐकलं. त्या माणसाने एक तारा दिला होता. लिहिलं होतं की इथे येऊ नका, कढीत काहीतरी होतं, तोंड तासभर मेलं, विचारलं तर नीट उत्तर नाही.

“ऐकलंस काय गो?” पात्रांव म्हणाले. “उद्यापासून तेफळां बंद. मी पंधरा दिवस बघतलंय. परत कोण बोंबललो तर दुसरो रांदपी हाडतलंय. किनाऱ्यावरच्या हॉटेलातलो एक आसा, विचारता माका. तू मगे सकाळची भाजी बघ.”

मी मान हलवली. मी नेहमी मानच हलवते.

पण बुधवारची कढी माझ्या हातून जाणार, हे मला खरोखर लागलं. घरी मी दुसऱ्याची सून, दुसऱ्याची बायको, मुलीची आई. नवरा खाणीच्या ट्रकवर असतो, आठवड्यातून दोनदा घरी जेवतो. माझं म्हणावं असं एकच टोप आहे आणि ते त्या स्वयंपाकघरात आहे.

संध्याकाळी मी मुलीला म्हटलं, तुझ्या बापाच्या जुन्या मोबाइलवर ते बघ. ती नववीत आहे, इंग्रजी वाचते. तिने शोधलं आणि हसायला लागली.

“आई, खाली अजून एक आहे. एका बाईने पाच तारे दिलेत.”

“काय म्हणते?”

“म्हणते, आयुष्यात अशी कढी खाल्ली नाही. ओठ नाचले. आत एक मावशी आहे, ती लाजते. आई, ती तूच.”

“पाच म्हणजे सगळे?”

“सगळे. आणि आडनाव बघ, त्या बाप्याचं आणि हिचं एकच. फोटोपण एकाच मेजाचा.”

मी फोटो पाहिला. ती दोन ताटं मी हातात घेतली होती. ज्याने चाटून खाल्लं, त्याने एक तारा दिला. जिने अर्धं टाकलं, तिने पाच. मी मुलीला दोनदा विचारलं, उलटं तर वाचत नाहीस ना? ती चिडली. “मला इंग्रजी येतं, आई.”

त्या रात्री मी आडवी झाले ती हेच मनात धरून. एक टोप, एक कढी, एक मेज, एकाच घरची दोन माणसं. बाई अर्धं का टाकून गेली? माणूस ओरडत ओरडत सगळं का जेवला? आणि आठ वर्षं मी परत आलेली ताटं वाचत होते, त्यांतलं खरं किती?

पुढच्या बुधवारी मी तेफळाशिवाय कढी केली. झाकण काढलं तेव्हा वास आला तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा. जनेलातून तांब्याची अंगठी दिसली आणि मी वाट पाहिली. ताट परत आलं. वाटी भरलेली, वर साय धरलेली. बाहेरून म्हाताऱ्याचा आवाज आला.

“आज कोणी रांधल्यान? ती बाय खंय गेली?”

“तीच आसा आत,” वहिनी म्हणाली.

“मगे तिका बरां नाय काय?”

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला पुन्हा काही कळेना. हे तर तेफळ वेचून बाजूला काढणारे. त्यांना न घातलेलं आवडायला हवं होतं.

दुपारी सगळं आवरल्यावर मी वहिनीला म्हटलं, तेफळ घालू दे, येणाऱ्याला नुसतं सांगायचं की चावू नका. एवढंच. एवढं बोलायला मला सबंध दुपार लागली. वहिनी म्हणाली, “माका गल्लो सोडून दर मेजार सांगत फिरूक गावना नाय. तूच सांग जावन.”

पात्रांव पायरीवर बिडी ओढत होते. ते मोठ्याने हसले. “ही सांगतली? आठ वर्सांत पडद्याभायर पाय काढूक नाय हिणां. हिचो आवाज कसो आसा, तोच माका म्हायत नाय.”

“सांगेन,” मी म्हटलं. ते ऐकून त्यांनी वळून पाहिलं.

“बरां. पण पंधरा दिवस म्हणजे पंधराच हां.”

घरी मी वाक्य पाठ केलं. मुलीला मेजावर बसवलं, म्हणजे पाटावर, आणि दारातून येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, “आई, माझ्याकडे बघून बोल. तू जमिनीला सांगतेस.”

बुधवारची वाट न बघता रविवारीच तेफळ घालून कढी केली. पडवीत दोन बाया बसल्या होत्या, पाठीला मोठ्या पिशव्या, मराठी बोलणाऱ्या पण लांबच्या. मी पडद्याच्या कडेने बाहेर आले. पडवी आतून वाटते त्यापेक्षा लांब आहे. सहा मेजं मी रोज मोजून ताटं पाठवते, पण ती एवढी एकमेकांपासून दूर असतील असं वाटलं नव्हतं. मी त्यांच्यापाशी पोचले आणि पाठ केलेलं सगळं गेलं. तोंडातून निघालं ते असं: “ते फळ चावू नका. जीभ मरते.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. “मरते म्हणजे?”

“मरते. मग येते.”

एकीने वाटी पुढे सरकवली. दुसरीने चमचा खाली ठेवला. त्यांनी ऑम्लेट मागवलं, ते पावाबरोबर खाल्लं, आणि वाट्या भरलेल्या परत आल्या. आमच्यात जीभ मरते असंच म्हणतात, त्यात मरण्यासारखं काही नसतं. त्यांना ते कसं ऐकू गेलं, हे मला त्यांच्या वाट्या पाहून कळलं. पात्रांवांनी मोबाइल खिशातून काढला, नुसता पाहिला आणि परत ठेवला.

मग बुधवार आला. पंधरा दिवसांतला शेवटचा. मी सकाळी तेफळं ठेचताना मनात वाक्य जुळवत होते. मरणं त्यात येऊ द्यायचं नाही. शेवटी एक जुळलं.

त्या दिवशी बाहेर तीन मेजांवर माणसं होती. एका मेजावर नवरा-बायको, शहरातली. एका मेजावर एकटा जाडा माणूस, गळ्यात विमानतळावर काम करणाऱ्यांचा पट्टा. आणि कोपऱ्यात तांब्याची अंगठी. मी पहिल्यांदा त्यांचा चेहरा पाहिला. वाटला होता त्यापेक्षा लहान होता, आणि दात बरेच गेलेले.

मी नवरा-बायकोपाशी गेले आणि त्यांच्याकडे पाहून म्हटलं, “ह्याचा वास जेवायचा. हे जेवायचं नाही. बाजूला काढा.”

दोघांनी ‘बरं’ म्हटलं. सगळी तेफळं वेचून शिस्तीने बाजूला काढली. मग दोन-दोन घास खाल्ले आणि कढी तशीच ठेवली. सांगितलेलं सगळं केलं, आणि जेवले नाहीत.

जाड्या माणसाला तेच सांगितलं. तो म्हणाला, “असं? मग बघूया तरी.” आणि माझ्यादेखत त्याने एक तेफळ दाढेखाली धरलं आणि कडकन चावलं. मी तोंडावर हात ठेवला. गल्ल्यावर वहिनी उठून उभी राहिली. पात्रांव पायरीवरून आत आले. त्याने डोळे मिटले. कपाळाला घाम आला, डोळ्यांतून पाणी आलं, ओठ थरथरू लागले. मला वाटलं, झालं. गेला माझा बुधवार.

“आयला,” तो म्हणाला, “हे भारी आहे. अजून एक वाटी द्या. आणि ही फळं जास्त घाला.”

मी त्याला सांगितलं होतं की चावायचं नसतं. तो चावून सुखी झाला. ज्यांनी माझं ऐकलं, त्यांनी जेवण टाकलं. मी मध्ये उभी होते आणि कुणाकडे बघावं ते कळत नव्हतं.

तशीच सवयीने मी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांपाशी गेले. “ह्याचा वास जेवायचा…” एवढं म्हटलं आणि जीभ चावली. ते मोठ्याने हसले.

“बाय, मी तेफळां खातंय तेव्हा तू जन्माक येवक नव्हतंस.”

आणि मग त्यांनी काय केलं ते मी पाहिलं. कढीतलं एक तेफळ उचललं, तोंडात टाकलं, गालात धरून चोखलं, बराच वेळ, लहान मूल गोळी चोखतं तसं. मग बाहेर काढून ताटाच्या काठावर ठेवलं. मग दुसरं. पहिल्याच्या शेजारी. आठ वर्षं मी समजत होते की ते तेफळांना हात लावत नाहीत. ती ओळ टाकलेल्या तेफळांची नव्हती, चोखून झालेल्यांची होती. जनेलातून परत येताना दोन्ही सारखीच दिसतात.

“चोखायचंही असतं?” मी विचारलं.

“कोण काय करता, कोण काय,” ते म्हणाले. “गेल्या खेपेक घालूक नाय तू. मी घराकडे जावन परत जेवलंय.”

दुपारी भांडी आवरताना पात्रांव जनेलापाशी आले. पडद्याखालून त्यांचा हात दिसला, बोटांत विझलेली बिडी. मी थांबले. पंधरा दिवस संपत आले होते. आता ते काय ते सांगणार होते.

“तेफळां किती उरली?”

“मूठभर.”

“शुक्रवारी म्हापशाक जातंय. हाडतंय.” आणतो म्हणाले, आणि हात गेला. दुसऱ्या रांदप्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

त्याला आता तीन महिने झाले. बुधवारी मी बाहेर जाते आणि सांगते. पण सांगून झाल्यावर मला आत येववत नाही. कोण काय करतं ते बघायचं असतं. कोण वेचतं, कोण चावतं, कोण चोखतं, कोण वाटी सरकवतं. परत आलेलं ताट एकट्याने काही सांगत नाही, हे मला आता कळलं आहे, म्हणून मी तोंडं बघत उभी राहते.

काल मुलीने पुन्हा मोबाइल उघडला. दोन नवीन आहेत. एकाने चार तारे दिलेत आणि लिहिलं आहे की इथली रांधणारी बाई स्वतः येऊन कसं खायचं ते सांगते, असं कुठे पाहिलं नाही. दुसऱ्याने दोन दिलेत. लिहिलं आहे की कढी उत्तम, पण एक बाई जवळ उभी राहून खाताना टक लावून बघते, घास उतरत नाही.

“आई, उद्या काय करणार?” मुलीने विचारलं. “आत जाणार की उभी राहणार?”

उद्या बुधवार आहे. सांगायला जायचं तर आहेच. सांगून झालं की थोडं लांब, पडद्यापाशी उभं राहीन म्हणते. तिथून तोंडं नीट दिसतात की नाही, ते बघायला हवं.